प्रतिपूर्ती नको, उचल द्या

प्रति,
मा. वित्त व लेखा अधिकारी,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे.

विषय : संशोधक विद्यार्थ्यांना परदेशातील अल्पमुदतीच्या अभ्यासभेटीसाठी प्रवासापूर्वी रक्कम मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

अशी खुली पत्रं कुलगुरूंना लिहायची पद्धत आहे. मी ती मोडून तुम्हाला लिहिते आहे, कारण कुलगुरूंना हा विषय पटवून द्यायची गरज उरलेली नाही. दीक्षान्त समारंभात 'आंतरराष्ट्रीयीकरण' हा शब्द आता विद्यापीठगीताइतकाच ठरलेला असतो. परदेशी संस्थांशी सामंजस्य करार होतात, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतात. आमचं घोडं अडतं ते तुमच्या मजल्यावर. तिथे भाषण चालत नाही, टिपणी चालते.

मी राज्यातल्या एका विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवते. चार जण माझ्याकडे पीएच.डी. करतात. त्यांच्यापैकी एकाची युरोपातल्या दोन आठवड्यांच्या संशोधन कार्यशाळेसाठी निवड झाली. राहण्या-जेवणाची सोय तिकडची संस्था करणार होती. विमानभाडं आपल्याकडच्या एका योजनेतून मंजूर झालं होतं. मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी विभागात पेढे वाटले गेले. दहा दिवसांनी त्याने आयोजकांना परस्पर कळवून टाकलं, की वैयक्तिक कारणामुळे येऊ शकत नाही. मला तर आयोजकांच्या ईमेलमधूनच कळलं. खोदून खोदून विचारल्यावर त्याने मंजुरीपत्रातलं एक कलम पुढे केलं. झालेल्या खर्चाची प्रतिपूर्ती प्रवासानंतर, मूळ देयके सादर केल्यावर करण्यात येईल, असं त्यात होतं.

म्हणजे लाख-सव्वा लाख रुपये आधी तुझ्या खिशातून काढ, आल्यावर बघू. त्याचे वडील एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहेत. खिसाच नसणं हे वैयक्तिक कारणच म्हणायचं, तेव्हा पोरगा खोटं काही बोलला नाही.

हे कलम मला पाठ आहे. आठ-नऊ वर्षांपूर्वी ते माझ्याही पत्रात होतं.

तेव्हा मी पीएच.डी. करत होते. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी फेलोशिप नव्हती. तासिका तत्त्वावर शिकवायचे, आणि तासिकांचे पैसे कधी दिवाळीनंतर, कधी मार्चअखेरीस यायचे. इटलीतल्या त्रिएस्ते इथल्या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्रात, ज्याला सगळे आयसीटीपी म्हणतात, प्रादेशिक हवामान प्रारूपांवर (म्हणजे मॉडेलांवर) दोन आठवड्यांची कार्यशाळा होती, तिथे माझी निवड झाली. खोली त्यांची, जेवण त्यांचं. प्रवासखर्च जमल्यास आपापल्या देशातून मिळवा, असं ते सांगतात, आणि तो मला मंजूरही झाला होता. फक्त नंतर.

व्हिसाच्या अर्जाबरोबर बँकेचं विवरण जोडावं लागतं. माझ्या खात्यात अकरा हजार रुपये होते. आमचं गाव आटपाडी तालुक्यात. वडिलांनी त्या वर्षी विकास सोसायटीतून डाळिंबासाठी पीककर्ज उचललं होतं, ते तसंच माझ्या खात्यात वळवलं. दुष्काळी पट्ट्यात पाऊस का पडत नाही हे शिकायला मी दुष्काळी पट्ट्यातल्या पीककर्जावर इटलीला गेले. तेव्हा हसू आलं नव्हतं. आता येतं, कारण आता पगार आहे.

परत आल्यावर आठवड्याच्या आत देयकं दिली. एकूण खर्च ८३ हजार. त्यानंतर फाईल कुठे कुठे फिरली त्याचा पाढा वाचत नाही. तुम्हाला तो रस्ता माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. एकच सांगते. विमानाचे बोर्डिंग पास ज्या कागदावर छापतात तो एसटीच्या तिकिटासारखा उष्णतेने उमटणारा कागद असतो, आणि काही महिन्यांत त्यावरची अक्षरं उडून जातात. अकराव्या महिन्यात माझी फाईल परत आली. शेरा होता: 'एका टप्प्याचा बोर्डिंग पास कोरा आहे, मूळ पास सादर करावा.' तो मूळ पासच होता. तो कोरा झाला होता तुमच्या कपाटात. चौदाव्या महिन्यात ५२,६०० रुपये मिळाले. तोवर पीककर्जाची मुदत उलटून व्याजाची सवलत गेली होती. ते व्याज कुठल्या शीर्षाखाली मागायचं असतं, हे मला आजतागायत उमगलेलं नाही.

तक्रार म्हणून हे लिहीत नाही. तेव्हा ज्यांच्या टेबलावर फाईल होती त्यांनी नियमच पाळला. माझं म्हणणं त्या नियमाबद्दल आहे. प्रतिपूर्ती हा कागदावर निव्वळ हिशेबाचा प्रकार दिसतो, पण प्रत्यक्षात ती दुसरी निवडचाचणी आहे. पहिली चाचणी गुणवत्तेची, ती तज्ज्ञ घेतात. दुसरी घरच्या ऐपतीची, आणि ती तुम्ही घेता. अशा भेटींना कोण गेलं याची यादी आपल्या वार्षिक अहवालात छापून येते. कोण निवडूनही गेलं नाही, याची यादी कुठेच नसते.

आता ही भेट इतकी महत्त्वाची का, दोन आठवड्यांत असं काय मोठं होतं, असं तुम्ही विचाराल. विचाराच. पैसे देणाऱ्याने विचारलंच पाहिजे.

त्रिएस्ते हे एड्रियाटिक समुद्राच्या टोकाला, स्लोव्हेनियाच्या सीमेला टेकलेलं बंदर. तिथे हे केंद्र का उभं राहिलं याची गोष्ट तुमच्या कामाची आहे. पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम केंब्रिजहून शिकून १९५१ मध्ये लाहोरला परतले. तिथे त्यांच्या विषयावर बोलायला माणूस नव्हता आणि नवी नियतकालिकं हाताशी नव्हती. संशोधन बाजूला ठेवा आणि कॉलेजची एखादी जबाबदारी घ्या, असं त्यांना सांगण्यात आलं. तीन पर्याय होते: वसतिगृहाचे अधीक्षक, हिशेबाचे खजिनदार किंवा फुटबॉल क्लबचे अध्यक्ष. त्यांनी फुटबॉल घेतला. (हिशेब घेतला असता, तर या केंद्राच्या नियमांत प्रवासाच्या उचलीचं एखादं कलम नक्की आलं असतं, असं मला उगाचच वाटतं.) तीन वर्षांत हा माणूस कंटाळून पुन्हा केंब्रिजला गेला. १९७९ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

देश सोडावा लागल्याची टोचणी सलाम यांना कायम राहिली. १९६४ मध्ये त्रिएस्तेचं केंद्र उभं राहिलं ते त्या टोचणीतून. विचार असा, की गरीब देशातल्या शास्त्रज्ञाने आपल्याच देशात राहावं, तिथेच शिकवावं, आणि अधूनमधून काही आठवडे त्रिएस्तेला येऊन, चार बरोबरीच्या माणसांशी बोलून, ताजंतवानं होऊन परत जावं. आपल्या भाषेत सांगायचं तर माहेरपण. सासरी नांदायचं असेल तर वर्षा-दोन वर्षांनी चार दिवस माहेरी जाऊ द्यावं लागतं, एवढं आपल्या आज्यांना कळत होतं. पोरं परदेशात जाऊन तिकडचीच होतात म्हणून आपण गळा काढतो. त्यावर सलाम यांनी शोधलेला उपाय हा होता: माणूस इथे टिकावा म्हणून त्याला थोडे दिवस जाऊ द्यायचं. म्हणजे दोन आठवड्यांची भेट ही चार वर्षांच्या परदेशी पदवीची स्वस्त आवृत्ती नव्हे. तिचं कामच वेगळं आहे.

जाता जाता सांगते, २०१९ मध्ये या केंद्राच्या संचालकपदी आले ते अतीश दाभोलकर मूळचे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. मराठी माणसाला एवढं पुरे असतं, पण मला त्याहून पुढचं सांगायचं आहे.

माझं काम पावसाच्या प्रारूपावर होतं. हवामानाचं प्रारूप म्हणजे पृथ्वीचे चौकोनी तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात हवा, बाष्प, ऊन यांचा हिशेब मांडायचा. तुकडा केवढा, यावर सगळं ठरतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून हवाई अंतराने वीसेक किलोमीटर पूर्वेला असलेल्या वाईत त्याचा अगदी लहानसा हिस्सा. आता तुकडा ५० किलोमीटरचा घेतला, तर महाबळेश्वर आणि वाई एकाच चौकोनात येतात आणि यंत्र दोघांची सरासरी काढून मोकळं होतं. तिकडे कोणी भिजत नाही, इकडे कोणी तहानेने मरत नाही. म्हणून मी २५ किलोमीटरचे तुकडे घेतले होते. तरीही सह्याद्रीच्या पूर्वेकडचा पाऊस माझ्या संगणकावर पडायलाच तयार नव्हता. माण, आटपाडी, सांगोला हा मुलूख कोरडा आहे हे मला कोणी सांगायला नको, पण इतका कोरडा तो दुष्काळातही नसतो. पाच महिने मी त्यात अडकले होते. माझे मार्गदर्शक सज्जन माणूस, पण त्यांचा विषय दुसरा. आणि ते प्रारूप चालवणारं आमच्या विद्यापीठात मी सोडून कोणी नव्हतं.

त्रिएस्तेत पहिले चार दिवस व्याख्यानं ऐकली. चांगली होती. खरं सांगायचं तर त्यातली निम्मी मला इथे बसूनही ऐकता आली असती. पाचव्या दिवशी संध्याकाळी बोरा सुटला. बोरा म्हणजे डोंगरावरून समुद्राकडे झेपावणारा तिथला गार वारा. तो ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो, आणि माणसाला धरून चालता यावं म्हणून पूर्वी गावातल्या रस्त्यांवर दोर बांधत असत. बाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून आम्ही सात-आठ जण उपाहारगृहातच बसून राहिलो. शेजारी इथिओपियाची एक मुलगी होती. तीही पीएच.डी. करणारी. तिच्याही देशात उंच पठार, एका अंगाला मुसळधार आणि दुसऱ्या अंगाला ठणठणाट. तिच्याही संगणकावर पाऊस असाच रुसलेला होता. तिने माझी नेमलिस्टची फाईल, म्हणजे ज्यात प्रारूपाला सगळ्या सूचना दिलेल्या असतात ती, उघडायला लावली आणि म्हणाली, ढगांसाठी तू जमिनीवर आणि समुद्रावर एकच पद्धत का लावली आहेस?

ढग प्रारूपाच्या चौकोनापेक्षा लहान असतात, म्हणून ते थेट मोजता येत नाहीत. त्यांच्यासाठी एक अंदाजाची पद्धत निवडावी लागते. अशा पद्धती अनेक आहेत, आणि या प्रारूपात जमिनीला एक, समुद्राला दुसरी अशी जोडी लावता येते. हे माहितीपुस्तिकेत लिहिलेलं आहे. मी ते वाचलंही होतं. पण आपली चूक तिथे असू शकते हे सुचलं नव्हतं, कारण विचारणारं कोणी शेजारी नव्हतं. दोन आकडे बदलायला अर्धं मिनिट लागलं. परत आल्यावर पुढचे तीन महिने ते बदल तपासण्यात गेले, आणि माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यातून उभं राहिलं. आटपाडीवर पाऊस पडला, निदान पडद्यावर.

हे सगळं झूमवर होत नाही का, असं एका बैठकीत मला विचारलं गेलं होतं. व्याख्यान होतं. ही चूक सापडणं होत नाही. साठ चौकटींमध्ये साठ चेहरे असताना 'माझं पाच महिने काही चालत नाहीये' असं कबूल करायला जीभ रेटत नाही. ते वाऱ्याने कोंडलेल्या उपाहारगृहात, तिसऱ्या कॉफीला होतं. आणि हो, मधल्या रविवारी मी व्हेनिस पाहून आले, भरपूर फोटो काढले. लपवत नाही. त्याचा खर्च देयकात नव्हता.

अशा संधी आता पूर्वीपेक्षा वाढल्या आहेत. जर्मनीत लिंडाऊ इथे १९५१ पासून नोबेल विजेत्यांच्या भेटीचा आठवडा होतो, त्याला आपल्याकडून संशोधक विद्यार्थी जातात. फ्रान्ससाठी रामन-शार्पाक फेलोशिप आहे. जपानचा साकुरा विज्ञान कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे, आणि त्यात तर येण्या-जाण्याचा खर्चही जपान उचलतं. तिथे आमच्या मुलांना फक्त ना हरकत प्रमाणपत्र लागतं. तेही कधी कधी विमान उडून गेल्यावर मिळतं, पण तो कुलसचिव कार्यालयाचा विषय आहे. त्यांना वेगळं लिहीन.

तुमच्याकडे माझं मागणं एकच आहे. ज्या विद्यार्थ्याचा प्रवासखर्च कुठल्याही योजनेतून लेखी मंजूर झालेला आहे, त्याला तेवढी रक्कम विद्यापीठाने प्रवासाआधी द्यावी आणि योजनेकडून पैसे आले की स्वतःकडे वळती करून घ्यावी. यात विद्यापीठाचा पैसा खर्च होत नाही, थोडा काळ अडकतो. दहा लाख रुपयांचा एक फिरता निधी वेगळा काढला, तर सव्वा लाखाप्रमाणे एका वेळी आठ विद्यार्थी परदेशी असू शकतात. एकाचे पैसे परत आले की नववा निघेल. दहा लाख म्हणजे विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात किती, हे मी तुम्हाला सांगणं बरं दिसणार नाही.

उसाचा साखर कारखाना पैशाच्या बाबतीत काही धर्मादाय संस्था नव्हे. तरी ऊस गाळून साखर विकली जायच्या आत शेतकऱ्याला पहिली उचल मिळते; निदान मिळावी म्हणून दर हंगामात आंदोलनं होतात आणि ती मागणी कोणाला आगाऊ वाटत नाही. तोडणीच्या टोळ्यांनाही उचल मिळते. त्या उचलीत माणूस कसा बांधला जातो हे मी जवळून पाहिलेलं आहे, तिचं गुणगान मला करायचं नाही. पण कामाला निघणाऱ्याच्या हातात आधी पैसे लागतात, ही साधी गोष्ट फडात कळते आणि विद्यापीठात कळत नाही, हे मात्र मला नवल वाटतं.

लेखापरीक्षणात आक्षेप येईल, हे तुमचं पहिलं उत्तर असणार. मग रोख देऊच नका. तिकीट विद्यापीठानेच काढा, विमा विद्यापीठानेच उतरवा. विद्यार्थ्याच्या हातात द्यायला फक्त व्हिसा आणि वाटखर्चाचे पंधरा-वीस हजार उरतील. विद्यार्थी कर्मचारी नाही, त्याला अग्रिम, म्हणजे आगाऊ रक्कम, कसं देणार, हे दुसरं उत्तर. तुम्हाला आणि मला कामासाठी बाहेर पाठवताना प्रवास अग्रिम मिळतं, कारण पगारातून वसूल करता येतं. मग माझ्या पगारातून करा. मार्गदर्शकाच्या हमीवर अग्रिम द्या, बुडालं तर माझ्याकडून कापा. जो मार्गदर्शक आपल्या विद्यार्थ्यासाठी एवढी सही करायला तयार नाही, त्याने त्याच्या शोधनिबंधावर आपलं नाव घालतानाही जरा थांबावं. हे माझ्या सहकाऱ्यांना आवडणार नाही. चालेल.

फेलोशिप मिळते की मुलांना, त्यातून करावं, असंही म्हणतात. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ फेलोशिप दरमहा ३७ हजार आणि वरिष्ठ ४२ हजार आहे, हे खरं. पण दरमहा हा शब्द तिथे आकड्याच्या मोजमापापुरता आहे, पैसे येण्याचा तो दिनक्रम नव्हे. चार-सहा महिन्यांचे एकदम येतात, तोवर मेसवाल्याची उधारी चढलेली असते. शिवाय राज्यातल्या विद्यापीठांत ज्यांना कुठलीच फेलोशिप नाही अशी मुलं किती, ते प्रत्येक विभागप्रमुखाला ठाऊक आहे.

एक बारीक गोष्ट वेळेची. सरकारी खर्चाच्या विमानप्रवासाचं तिकीट किमान २१ दिवस आधी काढावं, असा केंद्र सरकारचा नियम आहे. स्वस्त पडावं म्हणून. युरोपच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो, आणि प्रत्यक्षात मुंबईला भेटीची वेळ मिळण्यातच दिवस जातात. त्या व्हिसाचं शुल्क ९० युरो आहे. संशोधनासाठी जाणाऱ्यांना ते माफ असल्याचं फार जणांना ठाऊक नसतं. त्यासाठी भेटीचा हेतू नीट लिहिलेलं पत्र सोबत असलं की बरं. हे सगळं जुळायचं तर टिपणीवर दोन महिने आधी सही हवी. आदल्या आठवड्यात झालेल्या सहीचं तिकीट दीडपट महाग पडतं, आणि मग मंजुरीपेक्षा खर्च जास्त झाला म्हणून वरची रक्कम पुन्हा तुम्हीच कापता.

माझा तो विद्यार्थी चौथ्या वर्षात आहे. त्याचा विषय मराठवाड्यातल्या गारपिटीचा. त्याची हुकलेली कार्यशाळा पुन्हा कधी होईल ते बघू, पण दुसऱ्या एका भेटीसाठी मी त्याला गेल्या सोमवारी समोर बसवून अर्ज भरायला लावला. तो म्हणत होता, मॅडम, राहू द्या. निवड झाली, तर टिपणी तुमच्याकडे येईल. हमीच्या रकान्यात माझी सही असेल.

कळावे,

आपली,
एक मार्गदर्शक

सोबत :
१) फिरत्या निधीच्या प्रस्तावाचा मसुदा, दोन पाने
२) हमीपत्र, माझ्या सहीचे, रकमेची जागा मोकळी
३) रोम ते त्रिएस्ते प्रवासाचा बोर्डिंग पास, मूळ प्रत, कोरी